माह्यू कार्दोंची दोन बोटं

ब्रेलेकूरच्या धर्मसभेपुढे, सन चौदाशे त्र्याण्णवच्या मे महिन्यात, सादर झालेलं वर्णन येणेप्रमाणे:

'नाव माह्यू, बापाचं नाव कोलार, आडनाव कार्दों. धंदा ओकच्या लाकडावरचं कोरीवकाम. वय पन्नास, मयत आईच्या सांगण्यावर विश्वास ठेवल्यास त्रेपन्न. विधुर. अपत्य एक, मुलगी, हयात, अविवाहित. आवाज घोगरा. भुवया विरळ, डावी जास्त. हातांचा रंग काळा-निळा, धुण्याने न जाणारा. उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट हजर असून गैरहजर. पत्नीच्या दफनाच्या वेळी रडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. सबब, सदर इसमास महारोग जडल्याची लोकवार्ता असून त्याची रीतसर तपासणी व्हावी.'

खाली पाद्री आन्सेल यांची सही होती. लोकवार्ता होती हेही खोटं नव्हतं. ती पाद्री आन्सेल यांनी आदल्या मंगळवारी सुरू केली होती.

मंगळवारी घडलं ते एवढंच. चर्चमध्ये पाद्र्यांच्या सव्वीस आसनांचं काम तीन वर्षं चाललं होतं. त्यातली बावीस झाली होती, चार राहिली होती. पाद्र्यांना दिवसातून सात वेळा उभं राहून प्रार्थना म्हणावी लागते, आणि पाद्र्यांनाही गुडघे असतात. म्हणून बसायची फळी बिजागरीवर उचलून मागे टेकवली, की तिच्या पोटाला एक छोटासा कट्टा वर येतो. त्यावर बूड टेकवायचं. देवाला वाटतं माणूस उभा आहे, आणि माणसाला बसल्यासारखं वाटतं. या कट्ट्याला सगळे 'दया' म्हणतात. दयेच्या खाली काय कोरायचं याबद्दल धर्मसभा फारशी चौकशी करत नाही, कारण ते कायम झाकलेलं तरी असतं, नाहीतर अंधारात तरी. आसनांच्या पाठीवर संत, प्रेषित, देवदूत. दयेखाली कोंबड्यांना प्रवचन देणारा कोल्हा, नवऱ्याला पळीनं बडवणारी बायको, पिशवीबाजा वाजवणारं डुक्कर.

"वर स्वर्ग, खाली आपण," असं गिलो म्हणायचा. पाच कोरक्यांमध्ये तो वयानं सगळ्यात लहान, चौतीस वर्षांचा, आणि बोलण्याचं काम त्याच्याकडेच होतं.

माह्यू त्या दिवशी दारुड्या नवऱ्याच्या पायातून बूट ओढून काढणारी बाई कोरत होता. बाई जवळजवळ झाली होती. बुटाच्या टाचेचं काम चालू होतं. पाद्री आन्सेल मागे येऊन उभे राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "रक्त."

"कोणाचं?" माह्यूनं मान वर न करता विचारलं.

"तुमचंच असावं. माझं नाही."

माह्यूनं पाहिलं. पटाशी निसटून करंगळीत चांगली खोल गेली होती. रक्त बाईच्या मांडीवरून वाहून बुटात साठलं होतं. त्यानं मूठभर भुसा घेतला, आधी बाई पुसली, मग बोट.

"दुखत नाही?"

"या बोटात नाही," माह्यू म्हणाला, आणि टाचेकडे वळला.

ओकवर काम करणाऱ्यांना यात नवल वाटलं नसतं. बारीक कामाला हातोडा घेत नाहीत. डाव्या हातात पटाशी धरतात आणि उजव्या तळव्याच्या कडेनं, करंगळीच्या बाजूनं, तिच्या मुठीवर थापा मारतात. दिवसाला हजार थापा तरी होतात. दहा वर्षांनी करंगळी झोपते, वीस वर्षांनी शेजारच्या बोटाला सोबत घेऊन झोपते. ओकचा तुरट रस लोखंडाला लागला की काळं पडतं आणि ते काळं कातडीत मुरतं. दिवाळखोर कर्जातून सुटेल, पण ते काळं सुटत नाही. भुशानं घसा बसतो. भुवयांचं म्हणाल तर गोंदाची हंडी तापवताना पेटत्या ढलप्यांवर वाकायची माह्यूला खोड होती. यातलं कशाबद्दलही कामावर कोणी बोलत नसे. भटारखान्यात उकाड्याबद्दल बोलत नाहीत, तसं.

पाद्री आन्सेल यांना मात्र नवल वाटलं, कारण त्यांना वाटून घ्यायचं होतं. ओढ्यापलीकडच्या लाझारघराचे ते कारभारी होते. गावच्या महारोग्यांसाठी दोनशे वर्षांपूर्वी कोणा पुण्यवान बाईनं ते बांधून दिलं होतं. आठ खोल्या, विहीर, बाग, छोटं प्रार्थनाघर. शेवटचा रोगी, एक दोरखंडवाला, सात वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून घरात एक म्हातारा धर्मगुरू, एक माळी आणि अकरा कोंबड्या राहत होत्या, आणि सगळ्यांची तब्येत उत्तम होती. त्या वसंतात बिशपच्या कचेरीतून विचारणा आली होती की घरात सध्या रोगी किती, आणि नसल्यास घर कशासाठी. आन्सेल यांनी उत्तर लिहून ठेवलं होतं. आकड्याची जागा तेवढी मोकळी होती.

माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त एक रोगी हवा होता.

तपासणीची तारीख लागली तेव्हा माह्यूनं घरी येऊन सांगितलं, "गुरुवारी मला टोचणार आहेत." आणि वाटाण्याचं सार ओरपू लागला.

पेरोन, त्याची मुलगी, सव्वीस वर्षांची, चर्चच्या दाराशी मेणबत्त्या विकायची. तिनं चमचा खाली ठेवला. "आणि तुम्हाला नाही कळलं तर?"

"तर लाझारघर."

"आणि मी?"

माह्यूनं विचार केला. खरोखर केला, कपाळावर आठी पडलेली दिसली. "घर तुलाच राहील," तो म्हणाला.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको एमलीन तापानं गेली, त्या दिवशीही तो असाच होता. सकाळी पुरून आला, दुपारी कामावर गेला, आणि संत पीटरच्या दाढीचे सात कुरळे पूर्ण केले. दाढी उत्तम झाली आहे. त्यानंतर त्याला काय वाटतं हे पेरोननं दोन-तीनदा विचारलं होतं. प्रत्येक वेळी त्यानं प्रामाणिकपणे शोधून पाहिलं, आणि काही हाती लागलं नाही असं सांगितलं. तिला बाप एवढाच उरला होता. तो असा होता, पण समोर बसून सार ओरपत होता, आणि गुरुवारनंतर तेही राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट आसनांपाशी गेली. बाप कोपऱ्यात ओकची पानं कोरत होता. त्याच्याकडे न बघता ती थोरल्या मिस्त्रींपुढे उभी राहिली.

"एंगेरांकाका, करंगळी दाखवा."

"सकाळी सकाळी?"

"करंगळी बघून सोयरीक जुळवायची असेल तर माझी बघ, पोरी," गिलो म्हणाला. "काकांची जुनी झाली. तिच्यात आता काही राम नाही."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. कोणी हसलं नाही. पेरोननं डोक्यावरच्या रुमालातली टाचणी काढली.

"टोचू?"

एंगेरांनी दोन्ही हात अंगरख्याखाली घातले. मग बाकीच्या दोघांनीही. गिलोला अंगरखा नव्हता, त्यानं काखेत घातले. चार मोठी माणसं जून महिन्यात थंडी वाजल्यासारखी उभी होती.

"हे बघ पेरोन," एंगेरां हळू आवाजात म्हणाले. "आत्ता टोचतील ते एकाला. आम्ही तोंड उघडलं तर पाचांना टोचतील. माझ्या घरात पाच तोंडं आहेत. या गिलोचं लग्न होऊन तीन महिने झालेत."

"मग बाबा गेले तर चालेल."

"असं मी म्हटलं नाही."

"काय म्हटलंत?"

"काहीच नाही म्हटलं," एंगेरां म्हणाले, आणि ते खरं होतं.

कोपऱ्यातल्या थापा थांबल्या नव्हत्या. माह्यूचं पान चौथ्या शिरेपर्यंत आलं होतं. पेरोन निघाली तेव्हा तो म्हणाला, "टाचणी नीट लाव. पडली तर कोणाच्या तरी गुडघ्यात जाईल." त्याला ऐकू आलं होतं सगळं.

महारोग ओळखायचं काम आमच्याकडे महारोगीच करतात. ज्याला झालाय त्यालाच तो कळतो, या हिशेबानं. ब्रेलेकूरला स्वतःचे रोगी उरले नव्हते, म्हणून पलीकडच्या मोठ्या गावातून शपथ घेतलेले तिघं पंच बोलावले. त्यांचा पुढारी विस्तास, सत्तरीचा, चेहरा बराचसा झिजलेला, पण उरलेल्या भागात चांगलीच मिश्किली होती.

गुरुवारी दुपारी चर्चच्या बाजूच्या खोलीत सगळे जमले. टेबलामागे पाद्री आन्सेल, त्यांच्या शेजारी लिहायला कारकून, भिंतीशी विस्तास आणि मंडळी, दाराशी साक्षीदार म्हणून एंगेरां. एंगेरांनी हातमोजे घातले होते. पेरोनला बोलावलं नव्हतं. ती आली होती.

"गा," विस्तास म्हणाला.

"काय गाऊ?"

"येतं ते गा, भाऊ. आवाज ऐकायचाय, लग्नाची वरात नाही काढायची."

माह्यूला येणारं एकच गाणं जत्रेतलं होतं. त्यानं त्यातलं शक्य तेवढं सभ्य कडवं गायलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. करवतीसारखा आवाज, असं कारकुनानं लिहून घेतलं. मग दंडातून रक्त काढून फडक्यातून गाळलं, त्यात मिठाचे खडे टाकले. खडे विरघळले. याचा अर्थ एका पंचाच्या मते रोग आहे असा होता आणि दुसऱ्याच्या मते नाही असा. मग डोळे बांधले.

विस्ताससुद्धा टाचणी धरताना बोटांकडे बघून धरायचा. त्याच्या बोटांना ती कळत नसे. टाच. "कळलं?" "हो." पोटरी. "हो." डावा अंगठा. "हो." उजवी करंगळी.



"टोचताय का?" माह्यूनं विचारलं.

टाचणी अर्धी आत होती. विस्तासनं ती काढली, शेजारच्या बोटात घातली. माह्यू बांधलेल्या डोळ्यांनी वाट पाहत राहिला.

"लिहा," पाद्री आन्सेल कारकुनाला म्हणाले. "दोन बोटं मृत. हातांचा रंग काळा."

"त्यांचाही आहे," पेरोन म्हणाली.

"कोणाचा?"

"तुमच्या कारकुनाचा. अंगठा बघा त्याचा. पहिलं बोट बघा. शाई ओकच्याच गाठींची करता ना, लोखंड घालून? बाबांच्या हाताला तेच लागलंय, दुसरं काय? त्याला का नाही टोचत?"

कारकुनानं हात पाहिला आणि टेबलाखाली घेतला. त्याबरोबर लिहिणंही थांबलं. पाद्री आन्सेल यांनी शांतपणे सांगितलं की कारकुनाबद्दल अर्ज आलेला नाही.

"मग एंगेरांकाकांना टोचा! सगळ्या मिस्त्र्यांची हीच दोन बोटं गेलीत. हातमोजे काढायला सांगा त्यांना!"

"अर्ज एका इसमाबद्दल आहे," आन्सेल म्हणाले.

एंगेरां छताकडे बघत होते. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

विस्तास मात्र पुढे आला. त्यानं माह्यूच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला; तसं बसायला त्याला बराच वेळ लागला.

"भाऊ, मी एकेचाळीस जणांना आत पाठवलंय. एकेचाळिसांबद्दलही माझी खात्री होती असं नाही. पोरगी काय म्हणते? तुमच्या धंद्यात हे सगळ्यांनाच होतं का? तू हो म्हण, मी त्या मोजेवाल्याला टोचतो. सगळे सारखेच निघाले तर मग रोग नाही, धंदा आहे. हो की नाही ते सांग."

 एंगेरांनी छतावरून नजर काढली नाही, पण मोजे एकमेकांत घट्ट गुंतले.

माह्यूनं एंगेरांकडे पाहिलं. मग आपल्या करंगळीकडे. टाचणीच्या जागी रक्ताचा थेंब आला होता.

"दुसऱ्यांचे हात मी पाहिलेले नाहीत," तो म्हणाला.

"इतकी वर्षं एकत्र काम करून?"

"आम्ही लाकडाकडे बघतो."

विस्तास गुडघ्यांवर हात देऊन उठला. तिघा पंचांनी कोपऱ्यात जाऊन थोडं बोलणं केलं आणि निकाल दिला.

घरी जाताना पेरोन पुलावर थांबली.

"एक शब्द बोलायचा होता. 'हो' एवढाच."

"पाच लागतात," माह्यू म्हणाला.

"काय पाच?"

"माणसं. चार आसनं राहिलीत, उंच भाग बसवायचाय. पाचही जणांना नेलं तर ते होत नाही. चार जण ते करू शकतील, जेमतेम."

"आणि मी? माझं काय होतं ते नाही मोजलंत?"

तो ओढ्याकडे बघत राहिला. पाणी कमी होतं. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, बाबा?" तिनं विचारलं. ती ओरडली नाही, साधं विचारलं. त्यानं पुन्हा शोधलं, नेहमीसारखं, आणि या वेळी कुठेतरी काहीतरी असावं असा त्याला संशय आला. पण करंगळीला लागलेली टाचणी डोळे बांधून शोधावी, तसं ते झालं. "वाटत असेल," तो म्हणाला. त्याच्याकडून इतकं पुढे जाणारं उत्तर तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

जूनमधल्या योहानाच्या सणानंतरच्या सोमवारी त्याला जगातून वेगळं केलं. चर्चमध्ये दोन तिवयांवर काळं कापड ताणलं होतं. त्याखाली त्यानं गुडघे टेकून स्वतःसाठी म्हटलेली प्रार्थना ऐकली, मेलेल्यांची असते तशी. नंतर बाहेर पाद्री आन्सेल यांनी त्याच्या पायावर फावड्यानं थोडी माती टाकली आणि मनाई वाचून दाखवली. चर्चमध्ये, गिरणीत, बाजारात, भटारखान्यात शिरू नये. विहिरीत हात घालू नये. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून कोणाशी बोलू नये. हातमोज्याशिवाय कठड्याला स्पर्श करू नये. मुलांना हात लावू नये. महारोग्यांखेरीज कोणाबरोबर जेवू नये, पिऊ नये. लाकडाची खुळखुळी दिली, येताना वाजवायला. माह्यूनं ती उलटसुलट करून पाहिली. "बीचचं लाकूड," तो म्हणाला. "टिकायची नाही."

गावकरी दूर उभे होते. एंगेरां आले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातमोजे नाही.

लाझारघरात त्याला विहिरीजवळची खोली मिळाली. रविवारी पांढरा पाव, दर दिवशी पुरेसं सरपण. घरी यातलं काही नव्हतं. पाद्री आन्सेल यांनी बिशपच्या कचेरीला उत्तर धाडलं, रोगी, एक. एकट्या रोग्यानं कोणाबरोबर जेवावं हे नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो एकटाच जेवू लागला.

सप्टेंबरपर्यंत मिस्त्र्यांनी दोन आसनं पुरी केली. उरलेल्या दोनांच्या दया नुसते ठोकळे होते. गिलोनं एकावर हात चालवून पाहिला. दोर ओढणारे दोन गडी कोरायचे होते, ते एकमेकांना मिठी मारल्यासारखे दिसू लागले. धर्मसभेचे प्रमुख डीन साहेब यांनी पाहिलं आणि फळी खाली केली. धर्मसभेची बैठक झाली. फळ्या माह्यूकडे धाडल्या तर लाकडातून रोग जातो का, यावर दोन दुपारी चर्चा झाली. शेवटी डीन साहेबांनीच निकाल दिला: काम नेहमी उपडं असतं, आणि मध्ये झगा असतो.

मग एंगेरां हातगाडीवर दोन फळ्या घालून ओढ्यापर्यंत आले. अलीकडून हाक मारली, "माह्यू! तो उजवीकडचा गडी बघ जरा. त्याचे पाय माझ्या हाताबाहेर गेलेत."

"ठेवा," पलीकडून माह्यू म्हणाला.

 "पोरगी भेटते का?" एंगेरांनी विचारलं.

"कुंपणाशी येते. वाऱ्याची दिशा बघून."

"बोलते का?"

"आता बोलते."

 एंगेरांनी हातमोजे काढले, खिशात घातले, गाडी वळवली. गाडीच्या दांड्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सैल लोंबत होती. माह्यूनं ते पाहिलं. मग फळ्या आत नेल्या.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला दोन्ही फळ्या बिजागरीवर बसल्या. दोर ओढणारे गडी आता खरंच ओढतात. पाय रोवून, गाल फुगवून. त्यांच्यावर डीन साहेब टेकतात.

लाझारघराच्या जुन्या नियमात एक कलम होतं: घरात रोगी असेल तर त्याच्या सेवेला एक निरोगी बाई ठेवावी, तिनं तिथेच राहावं. सात वर्षं कोणी ते वाचलं नव्हतं. पेरोननं ते म्हाताऱ्या धर्मगुरूकडून वाचवून घेतलं, मेणबत्त्यांचं दुकान दुसरीला दिलं आणि पाद्री आन्सेल यांच्याकडे जागा मागितली. दुसरं कोणी मागत नव्हतं.

माह्यू कार्दोंच्या नावावर गावच्या दप्तरात आजही लिहिलेलं आहे: जगास मृत, आप्तांपासून कायमचा विभक्त. तो आणखी सतरा वर्षं जगला, आणि रोज दुपारी मुलीबरोबर एकाच भांड्यातून जेवला.